जुन्या संगणकावरचे फोटो नव्या संगणकावर सुखरूप नेताना

गेल्या वर्षी नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि तात्पुरत्या भाड्याच्या घरात बाबांच्या जुन्या डेस्कटॉपला जागा उरली नाही. विंडोज ७ वर चालणारा तो संगणक आईच्या लेखी केव्हाच भंगारात जायला हवा होता. “माझ्या पितळी डब्यांना जागा नाही म्हणतेस, मग हे खोके कशाला?” हा तिचा प्रश्न रास्त होता, पण त्या खोक्यात २००३ पासूनचे सुमारे ४१,००० फोटो होते, एकूण १८० जीबी, आणि त्यांतल्या बहुतेकांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ते सगळे माझ्या लॅपटॉपवर आणायला मला तीन शनिवार लागले. ठाण्यात आज जवळजवळ प्रत्येक जुन्या गल्लीत एखादी इमारत रिकामी होते आहे, त्यामुळे हेच काम अनेक घरांत सामानाची बांधाबांध चालू असताना उरकले जात असणार, आणि फोटो हरवतात ते नेमके अशा घाईत. म्हणून मी ते ज्या क्रमाने केले आणि जिथे जिथे थांबले, ते सविस्तर लिहीत आहे.

कट न करता कॉपी करावे

आपण सहज ‘फोटो हलवले’ म्हणतो, पण हलवणे हीच यातली सर्वांत धोक्याची क्रिया आहे. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर ‘कट’ आणि ‘पेस्ट’ केले की संगणक आधी फाइलची प्रत करतो आणि मग मूळ फाइल पुसतो. नवी प्रत नीट उघडते का, हे तो पाहत नाही. लिहून झाले असे समोरच्या डिस्कने सांगितले की मूळ फाइल गेली. मध्येच वीज गेली, केबल सैल झाली किंवा पेन ड्राइव्हच सदोष निघाला, तर काही फोटो इथे, काही तिथे आणि काही कुठेच नाहीत अशी अवस्था होते, आणि हजारो फाइलींतून नेमके कोणते गेले हे शोधणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून आधी प्रत करावी, ती तपासावी, काही आठवडे फोटो दोन्हीकडे राहू द्यावेत आणि त्यानंतरच जुन्या ठिकाणचे पुसण्याचा विचार करावा. नव्या लॅपटॉपवर जागा पुरत नसेल, तर त्यावर उपाय म्हणून कट न करता बाहेरची हार्ड डिस्क विकत घ्यावी.

आधी सगळे फोटो कुठे कुठे आहेत ते पाहावे

‘पिक्चर्स’ हा एकच फोल्डर उचलला म्हणजे काम झाले, असे समजू नये. बाबांच्या संगणकावर फोटो ‘पिक्चर्स’मध्ये होते, डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’ ते ‘न्यू फोल्डर ७’ अशा नावांनी होते, डी ड्राइव्हवर कोणे एके काळी फोनचा बॅकअप घेतलेल्या फोल्डरमध्ये होते, आणि ताईने लग्नाआधी वापरलेल्या, पासवर्ड विसरलेल्या खात्यातही होते. प्रत्येक ड्राइव्ह उघडून शोधाच्या चौकटीत फोटोच्या फाइलीच्या नावाशेवटी असणारी ‘जेपीजी’ ही अक्षरे इंग्रजीत टाइप केली, की विस्मरणात गेलेले फोल्डर वर येतात. मोठ्या फाइलींच्या शोधात व्हिडिओही सापडतात, कारण जुन्या कॅमेऱ्यांतले व्हिडिओ बहुधा फोटोंच्याच फोल्डरमध्ये असतात आणि त्यांची अक्षरे ‘एव्हीआय’ किंवा ‘एमओव्ही’ अशी वेगळी असतात. हे सगळे पत्ते मी एका वहीत लिहून काढले आणि प्रत्येकासमोर फाइलींची संख्या आणि आकार टिपला. पुढे तपासणीच्या वेळी ती वही सर्वांत जास्त उपयोगी पडली.

ज्या संगणकावरून फोटो न्यायचे आहेत तो विंडोज १० किंवा ११ वर चालत असेल, तर वनड्राइव्हकडे, म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीकडे, विशेष लक्ष द्यावे. वनड्राइव्ह चालू असताना फोल्डरमध्ये फोटो दिसतात, पण त्यांच्यासमोर ढगाचे चिन्ह असेल तर तो फोटो त्या संगणकावर नसतोच. दिसते ती केवळ त्याची जागा, आणि खरी फाइल इंटरनेटवर असते. नेट बंद करून असा फोल्डर कॉपी केला तर हाती काही लागत नाही. फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हा पर्याय निवडावा आणि सगळे ढग जाऊन हिरव्या खुणा येईपर्यंत थांबावे.

पिकासा वापरत असलेल्यांसाठी

याविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण आपल्याकडे असंख्य घरांतल्या संगणकांवर पिकासा हे फोटो पाहण्याचे आणि सुधारण्याचे सॉफ्टवेअर होते आणि गूगलने ते २०१६ मध्ये बंद केले तरी जुन्या यंत्रांवर ते आजही चालते. पिकासात फोटो कापला, उजळ केला किंवा डोळ्यांतला लाल रंग काढला, तर तो बदल लगेच फोटोच्या फाइलीत लिहिला जात नाही. त्याची नोंद त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या छोट्या फाइलीत होते, आणि चेहऱ्यांना दिलेली नावेही तिथेच नोंदली जातात. ‘सेव्ह’ केलेले असेल तर बदललेला फोटो समोर राहतो आणि अस्सल फोटो एका लपलेल्या उपफोल्डरमध्ये ठेवला जातो.

याचा परिणाम असा, की फोल्डर उघडून आतले सगळे फोटो निवडून कॉपी केले तर दिसणाऱ्या फाइली येतात आणि लपलेल्या मागे राहतात. बाहेर येऊन अख्खा फोल्डर कॉपी केला तर लपलेल्या फाइलीही बरोबर येतात. हा फरक माझ्या लक्षात आला तो आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या फोल्डरमुळे. बाबांनी एका ग्रुप फोटोतून आजीचा चेहरा कापून, उजळ करून ठेवला होता. लॅपटॉपवर आलेल्या फोटोत मात्र आजी पंचवीस माणसांच्या मागच्या रांगेत, अर्धी खांबाआड दिसत होती. बाबांचे काम वाया गेले नव्हते, ते फक्त दुसऱ्या फाइलीत होते. तेव्हा जुन्या संगणकावर पिकासा अजून उघडत असेल, तर सुधारलेले फोटो तिथूनच ‘एक्स्पोर्ट’ करून एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढावेत. नव्या संगणकावरचे इतर कोणतेही सॉफ्टवेअर त्या लपलेल्या नोंदी वाचून फोटो आपोआप सुधारून दाखवेल, अशी आशा धरू नये.

कोणत्या मार्गाने न्यावेत

घरगुती कामासाठी बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी हा मार्ग मला सर्वांत विश्वासाचा वाटतो, कारण वाटेत एक अधिकची प्रतही आपोआप तयार होते. पेन ड्राइव्ह मोजक्या फोटोंसाठी ठीक आहे. मात्र अगदी स्वस्तात मिळणारे ‘२ टीबी’चे पेन ड्राइव्ह घेऊ नयेत. असे अनेक ड्राइव्ह बनावट असतात: आत प्रत्यक्षात थोडीच जागा असते, पण ते संगणकाला दोन टीबी असल्याचे सांगतात आणि खरी जागा संपल्यावरही फाइली स्वीकारल्याचे भासवतात. फाइलींची नावे दिसतात, आकार बरोबर दिसतो, फक्त फोटो उघडत नाहीत. नवा ड्राइव्ह रिकामा असतानाच ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ या मोफत सॉफ्टवेअरने तपासला तर ही लबाडी उघड होते.

डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे, तेही पाहावे. फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर बसत नाही, आणि बारशाचा किंवा मुंजीचा लांबलचक व्हिडिओ तिथेच अडतो. दोन्ही संगणक विंडोजचे असतील तर एनटीएफएस योग्य ठरते. एक विंडोजचा आणि एक मॅक असेल तर एक्सफॅट निवडावे, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. फॉरमॅट केल्याने डिस्कवरचे सगळे पुसले जाते, म्हणून ते डिस्क रिकामी असतानाच करावे.

वेळेचा अंदाज आधी बांधला तर जीव कासावीस होत नाही. जुन्या संगणकाचे यूएसबी २.० पोर्ट प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३० एमबी देते; त्या हिशेबाने १८० जीबीला पावणेदोन तास लागायला हवेत, पण हजारो लहान फाइली असल्या की वेग उतरतो, आणि मला सव्वातीन तास लागले. मागच्या बाजूला निळ्या रंगाचे पोर्ट असेल तर ते बहुधा यूएसबी ३.० असते, डिस्क तिथेच लावावी.

घरातल्या राउटरवरून, म्हणजे नेटवर्कने, फोटो पाठवणेही शक्य आहे. दोन्ही संगणक लॅन केबलने जोडलेले आणि सगळी उपकरणे गिगाबिट असतील तर वेग उत्तम मिळतो. जुन्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवर मात्र सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नाही, म्हणजे १८० जीबीला साडेचार तास. नेटवर्कने न्यायचे ठरवले तर शेअर केलेल्या फोल्डरला केवळ वाचण्याची परवानगी द्यावी, पासवर्ड ठेवावा आणि काम होताच शेअरिंग बंद करावे. जुना संगणक विंडोज एक्सपी किंवा ७ चा असेल तर मी हा मार्ग सुचवणार नाही. एक्सपीचे सुरक्षा अद्यतन २०१४ मध्ये आणि विंडोज ७ चे जानेवारी २०२० मध्ये थांबले. एक्सपीशी बोलण्यासाठी नव्या संगणकावर फाइली शेअर करण्याची ‘एसएमबी १’ ही जुनी सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच सोयीतल्या उणिवेतून शिरला होता. अशा यंत्राची नेटची केबल काढून ठेवावी आणि फोटो डिस्कनेच बाहेर काढावेत.

व्हॉट्सअ‍ॅपने फोटो स्वतःलाच पाठवून दुसऱ्या संगणकावर उतरवणे हा मार्ग कधीही वापरू नये. तिथे फोटो दाबून लहान केला जातो आणि तो केव्हा काढला होता ही आतली नोंद निघून जाते. गूगल फोटोजची मोफत जागा १ जून २०२१ पासून मेल आणि ड्राइव्हसकट १५ जीबीपुरती मर्यादित आहे, आणि ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेले असेल तर तिथेही मूळ दर्जा राहत नाही.

प्रत्यक्ष कॉपी करताना

सुरुवातीला वीज आणि झोप या दोन गोष्टींचा बंदोबस्त करावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी आणावा. पावसाळ्यात वीज एका क्षणापुरती गेली तरी डेस्कटॉप बंद पडतो आणि चालू कॉपी तुटते. लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवावा. दोन्ही यंत्रांच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ त्या दिवसापुरते ‘नेव्हर’ करावे. जुन्या हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला तर मात्र लगेच काम थांबवून संगणक बंद करावा. अशा डिस्कवर पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने उरलेलेही जाऊ शकते. ती डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी.

फोटो नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवावेत. हे वाक्य मी स्वतःच्या नुकसानीतून लिहीत आहे. २०११ मध्ये मी माझ्या कॅमेऱ्यातले आणि मावसबहिणीच्या कॅमेऱ्यातले गणपतीचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले होते. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे होते, आणि अशा कॅमेऱ्यांत फाइलींची नावे एकाच धर्तीची असतात: ठरावीक अक्षरे आणि पुढे चार आकडे. ९९९९ झाले की मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते, म्हणजे एकाच कॅमेऱ्याचेही काही वर्षांनी दोन वेगळे फोटो एकाच नावाचे निघू शकतात. संगणकाने विचारले, या नावाच्या फाइली आधीच आहेत, बदलू का? तेच फोटो पुन्हा येत आहेत असे समजून मी ‘रिप्लेस’ दाबले. त्या वर्षी आजोबांनी शेवटची आरती केली होती. त्या आरतीचे सगळे फोटो मावसबहिणीच्या मुलांच्या फटाक्यांच्या फोटोंखाली गेले, आणि मी कार्ड आधीच पुसलेले होते.

तेव्हा असा प्रश्न समोर आला तर ‘रिप्लेस’ कधीही दाबू नये. काम थांबवावे, प्रत्येक स्रोतासाठी वेगळा फोल्डर करावा, उदाहरणार्थ ‘बाबा डेस्कटॉप पिक्चर्स’, ‘बाबा डी ड्राइव्ह’, ‘ताई जुने खाते’, आणि जे जसे आहे तसे त्यात ठेवावे. एकत्र करणे, दुबार फोटो काढून टाकणे, नावे बदलणे ही कामे वेगळी आहेत. ती सगळे सुखरूप पोहोचल्यावर सवडीने करावीत. एका दमात १८० जीबी न घेता मी वर्षावार फोल्डर घेतले, आणि एक वर्ष झाले की वहीत खूण केली. काही अडले तर नेमके कुठे अडले ते त्यामुळे लगेच कळत होते.

कॉपी संपल्यावर डिस्क तशीच ओढून काढू नये. खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून ‘इजेक्ट’ करावे आणि परवानगी मिळाल्यावरच केबल काढावी. पट्टी भरलेली दिसली तरी काही मजकूर लिहायचा बाकी असू शकतो, आणि एक्सफॅटच्या डिस्कला असा झटका एनटीएफएसपेक्षा अधिक बाधतो.

तपासणी

माझे म्हणणे एवढेच आहे, की तपासणी झाल्याशिवाय फोटो पोहोचले असे म्हणू नये. पहिली तपासणी साधी आहे. जुन्या आणि नव्या फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि फाइलींची संख्या व ‘साइझ’समोरचा बाइटचा संपूर्ण आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून पाहावा. ‘साइझ ऑन डिस्क’ हा दुसरा आकडा प्रत्येक डिस्कवर वेगळा येतो. तो जुळला नाही म्हणून घाबरू नये. एकदोन फाइलींचा फरक आला तर ती बऱ्याचदा विंडोजने स्वतःसाठी बनवलेली ‘थम्ब्स’ नावाची फाइल असते, पण ते गृहीत न धरता पाहून खात्री करावी.

आकडे जुळले म्हणजे आतला मजकूर जुळला असे नाही. त्यासाठी दोन सोपी साधने आहेत. टेराकॉपीने कॉपी केली तर ‘व्हेरिफाय’ हा पर्याय प्रत्येक फाइल पुन्हा वाचून ती मुळाशी तंतोतंत जुळते का ते पाहतो. फ्रीफाइलसिंकमध्ये दोन फोल्डर समोरासमोर ठेवून ‘फाइल कंटेंट’ने तुलना करता येते. मात्र तिथे केवळ ‘कंपेअर’ दाबावे. ‘सिंक्रोनाइझ’ हे बटण, विशेषतः ‘मिरर’ पद्धत निवडलेली असताना, दुसऱ्या बाजूच्या अधिकच्या फाइली पुसते. तुलना करण्यापूर्वी डिस्क एकदा काढून पुन्हा लावावी, म्हणजे संगणक आपल्या आठवणीतले न वाचता खरोखर डिस्कवरचे वाचतो. मला १८० जीबीत तीन फाइली न जुळणाऱ्या सापडल्या. त्यांतल्या एकीत फोटोचा वरचा अर्धा भाग स्वच्छ होता आणि खालचा अर्धा सपाट राखाडी. छोट्या चित्रात तो फोटो अगदी निर्दोष दिसत होता. तिन्ही पुन्हा कॉपी केल्या आणि केबल बदलली.

शेवटी डोळ्यांनी पाहणेही आवश्यक आहे. प्रत्येक वर्षातले पहिले, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण पडदाभर उघडावेत आणि निदान एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा. आयफोनचे ‘एचईआयसी’ फोटो विंडोजवर उघडले नाहीत तर ते खराब झाले असे समजून पुसू नयेत. बहुतेक वेळा त्यासाठी लागणारे एक्स्टेन्शन बसवायचे राहिलेले असते.

तारखांविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॉपी केल्यावर ‘डेट क्रिएटेड’ आजची दिसते आणि माणूस घाबरतो, पण फोटो काढल्याची तारीख कॅमेऱ्याने फाइलीच्या आतच लिहिलेली असते आणि ती कॉपी केल्याने बदलत नाही. फोल्डरमध्ये ‘डेट टेकन’ हा रकाना लावून क्रम लावावा. स्कॅन केलेल्या जुन्या कृष्णधवल फोटोंना मात्र अशी तारीख नसते, म्हणून त्यांचे वर्ष फोल्डरच्या नावातच लिहावे. बाबांनी तसे केले होते, आणि ‘तलावपाळी १९८१’ या नावामुळेच तो फोटो आम्हाला ओळखता आला.

जुन्याचे काय करावे

तपासणी पूर्ण झाली तरी जुना संगणक मी महिनाभर तसाच ठेवला, आणि त्या महिन्यात ताईच्या खात्यातला एक विसरलेला फोल्डर खरोखरच सापडला. वाहतुकीसाठी वापरलेली डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लावू नये. तीच आपली अधिकची प्रत आहे. फोटो छापायला दुकानात जाताना ती डिस्क कधीही नेऊ नये. तिथल्या संगणकावर रोज शेकडो पेन ड्राइव्ह लागतात, आणि सगळे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा व्हायरस मी अशाच एका दुकानातून घरी आणला आहे. छापायचे तेवढे फोटो एका लहान पेन ड्राइव्हवर वेगळे न्यावेत.

एक प्रत दुसऱ्या घरात असावी. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या ओळखीच्या एका तळमजल्यावरच्या घरातले अल्बम आणि संगणक एकाच कपाटात, एकाच पाण्यात गेले. म्हणून आमची दुसरी डिस्क मी ठाण्याहून पनवेल लोकलने नेरुळला ताईकडे पोहोचवली. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्यावी, कारण केवळ पुसलेले फोटो दुसरा माणूस परत काढू शकतो.

बाबांच्या डेस्कटॉपमधून काढलेली ती डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवली आहे आणि वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘फोटो २००३ ते २०२४, तपासले.’ पाडव्याला शोभायात्रेचे नवे फोटो येतात, त्या दिवशी डबा उघडून डिस्क जोडायची आणि चार-पाच फोल्डर उघडून पाहायचे, असे आम्ही ठरवले आहे. डबा मात्र आईच्या पितळी डब्यांपैकीच एक आहे.